फोर्ट आहे, पण किल्ला कुठंय?

मागच्या अंकात मुंबईतल्या स्टेशनांच्या नावांवर उत्तर देताना मी जाता जाता लिहून टाकलं होतं की चर्चगेट नावाचा खरोखरचा दरवाजा होता आणि तो आजच्या स्टेशनपाशी नव्हताच. त्यावर इतके मेल आले की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून नुसतं फोर्टाबद्दलच बोलायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नेहमीप्रमाणे नावं देत नाही, फक्त गाव देतेय.

प्रश्न (डोंबिवली): रोज सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या ऑफिसला चालत जातो. सहावीतल्या मुलीने विचारलं, बाबा तुम्ही फोर्टात जाता तर किल्ला कुठे असतो? मला उत्तर देता आलं नाही. रोजच्या रस्त्यावर तटाचा एक दगड दिसत नाही. खरंच किल्ला होता की नुसतं नाव?

होता की! आणि चांगला लांबरुंद होता, दक्षिणोत्तर साधारण एक मैल आणि रुंदीला त्याच्या पाव. पूर्वेला बंदराचं पाणी, बाकीच्या बाजूंनी दगडी तट, बुरूज, तटाबाहेर खंदक, आणि जमिनीकडून आत यायला तीन दरवाजे. उत्तरेला बाजारगेट म्हणजे आज जीपीओ आहे तिथल्या आसपास, पश्चिमेला चर्चगेट म्हणजे हुतात्मा चौकात जिथे फ्लोरा फाउंटन उभं आहे त्याच्या जवळपास, आणि दक्षिणेला अपोलो गेट, नेव्हल डॉकयार्डच्या लायन गेटच्या बाजूला. तुम्ही सीएसएमटीहून डी. एन. रोडने हुतात्मा चौकाकडे चालत जाता ना, तर पश्चिमेच्या तटाच्या साधारण कडेकडेनेच चालत असता. पुढे काळा घोडाला वळलात की जो के. दुभाष मार्ग लागतो त्याचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटालगतची ओळ. तेव्हा मुलीला सांगा की बाबा किल्ल्यात जातात हे शंभर टक्के खरं आहे, फक्त भिंत पाडून दीडशेच्या वर वर्षं झाली.

यात एक गोंधळ नेहमी होतो तो आधीच सोडवून टाकू. मुंबईत किल्ला म्हणजे एक वस्तू नाही, दोन आहेत. आतला छोटा तो कॅसल, आणि त्याच्याभोवती वसलेल्या गावाला नंतर घातलेली मोठी भिंत तो टाउन वॉल. कॅसल खूप जुना. पोर्तुगीजांनी मुंबईचं बेट ज्याला भाड्याने दिलं होतं तो गार्सिया द ऑर्ता नावाचा वैद्य, त्याचं इथे घर आणि बाग होती. याच माणसाने इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहून 1563 साली गोव्यात छापलं आणि त्यात आपल्या मुंबईच्या बागेत वर्षातून दोनदा फळ देणारं आंब्याचं झाड आहे असंही सांगून ठेवलंय. तो मेल्यावर बारा वर्षांनी, म्हणजे 1580 मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली कारण तो लपून ज्यू धर्म पाळत होता असं ठरलं. मुंबईचा पहिला नामांकित भाडेकरू आणि त्याची अशी गत!

तर या जागेवरच्या गढीवजा घराला 1626 मध्ये इंग्रज आणि डच आरमाराने मिळून आग लावली. पुढे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचं पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनशी लग्न जमलं, 1661 च्या करारात मुंबई आंदण म्हणून आली, पण इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी इतकी चालढकल केली की ताबा मिळायला 1665 उजाडलं. फेब्रुवारी 1665 मध्ये इंग्रजांतर्फे हम्फ्री कुकने ताबा घेतला तो याच घरात, आणि तेव्हा त्या घराची मालकीण होती डोना इग्नेझ दे मिरांडा नावाची विधवा बाई. म्हणजे ज्या बेटासाठी दोन राजे पत्रव्यवहार करत होते त्याचा कागद एका बाईच्या दिवाणखान्यात झाला. राजाला हे लांबचं बेट परवडेना, तेव्हा 1668 मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने देऊन टाकलं. कंपनीने त्या घराभोवती तट, बुरूज घालून त्याचा बॉम्बे कॅसल केला. आज तो नौदलाच्या हद्दीत आहे आणि त्या आस्थापनेचं नाव 1951 पासून आयएनएस आंग्रे आहे. ज्या कान्होजी आंग्र्यांच्या धाकाने कंपनीचे गव्हर्नर हैराण असायचे त्यांचंच नाव कंपनीच्या कॅसलवर लागलंय. नाव ठेवणाऱ्याला मनापासून दाद दिली पाहिजे.

प्रश्न (नाशिक): एक फॉरवर्ड आलाय की मराठ्यांच्या भीतीने इंग्रजांनी मुंबईत 'मराठा डिच' खणला. खरं आहे का? असेल तर शाळेत का शिकवत नाहीत?

अर्धं खरं आहे, आणि गंमत म्हणजे जे अर्धं चुकलंय ते गावाचं नाव. 'मराठा डिच' हा कलकत्त्याचा. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालात घुसल्या, त्यांना तिकडे बर्गी म्हणतात, त्यांच्या धास्तीने 1742 मध्ये कलकत्त्याच्या लोकांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला, तो कधी पुरा झालाच नाही, आणि पुढे त्याचा बराचसा भाग बुजवून तिथे सर्क्युलर रोड झाला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुतेक ते उचलून मुंबईला चिकटवलं.

पण मुंबईचा खंदकही मराठ्यांमुळेच झाला हे मात्र पक्कं, आणि ही गोष्ट कलकत्त्याच्या गोष्टीपेक्षा जास्त रंगतदार आहे, म्हणून जरा मागून सांगते.

कंपनी आली तेव्हा भिंत होती ती फक्त कॅसलला. गाव उघडंच. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर, ज्याने मुंबईला खरं बाळसं आणलं, त्याला तट हवा होता पण पैसा कुठून आणायचा. त्याने भंडाऱ्यांची आणि इतर रहिवाशांची मिलिशिया, म्हणजे नागरी फौज, उभी केली आणि त्यावर भागवलं. मग 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला, माझगाव घेतलं आणि थेट कॅसलला वेढा घालून बसला, कारण मधे अडवायला काही नव्हतंच. सिद्दी औरंगजेबाच्या बाजूचा, आणि कंपनीचा जॉन चाइल्ड औरंगजेबाच्या जहाजांशी पंगा घेऊन बसला होता. शेवटी कंपनीने औरंगजेबापुढे नाक घासलं, दीड लाख रुपये दंड कबूल केला, तेव्हा कुठे 1690 मध्ये सिद्दी हलला, आणि जाताना माझगावच्या किल्ल्याची राख करून गेला. म्हणजे बघा, ज्या कंपनीने पुढे निम्मं जग खाल्लं तिचे गोरे साहेब आपल्याच कॅसलमध्ये वर्षभराच्या वर अडकून बसले होते.

एवढं होऊनही गावाचा तट उभा राहायला आणखी पंचवीस-एक वर्षं गेली. चार्ल्स बून 1715 च्या अखेरीस गव्हर्नर झाला, समोर कान्होजी आंग्रे, आणि बूनच्या काळात टाउन वॉल पुरी झाली. याच काळात ते चर्चही पुरं झालं, सेंट थॉमस, ज्याचा पाया ऑन्जियरच्या काळात घातला गेला आणि मग कित्येक वर्षं अर्धवट भिंती तशाच उभ्या होत्या. 1718 च्या नाताळात ते उघडलं. ज्या दरवाजातून सरळ या चर्चकडे रस्ता जायचा तो चर्चगेट.

आता मे 1739. चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीजांचा उत्तरेतला सगळा डोलारा कोसळला, साष्टी आधीच गेली होती, आणि मुंबई बेटाच्या पलीकडच्या काठावर आता पोर्तुगीजांच्या जागी मराठे. मुंबईत जी घाबरगुंडी उडाली ती विचारूच नका. इंग्रजांनी एकीकडे कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे वसईला बोलणी करायला पाठवलं आणि त्याने जुलैमध्ये तहही करून आणला, दुसरीकडे कॅप्टन गॉर्डनला साताऱ्याला शाहू महाराजांकडे पाठवलं, आणि तिसरीकडे तटाभोवती खंदक खणायला घेतला. या खंदकासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून 30,000 रुपये दिले. हे मला फार बोलकं वाटतं, कारण वर्गणी देणारे सगळेच काही गोरे नव्हते, वाणी होते, पारशी होते, त्यांची दुकानं आणि गोदामं आत होती, आणि मराठे आले तर आपलं काय हा प्रश्न त्यांनाही होताच. 1743 च्या सुमारास खंदक पुरा झाला.

आणि मग काय झालं? काही नाही! तट बांधल्यापासून पाडेपर्यंत त्याच्यावर एकदाही कोणी चालून आलं नाही. सिद्दी आला तेव्हा तट नव्हता, आणि तट झाल्यावर सिद्दी आला नाही, आंग्रे आले नाहीत, पेशवे आले नाहीत. आता तट होता म्हणून कोणी आलं नाही की कोणी येणारच नव्हतं यावर मित्रमंडळींत खुशाल वाद घाला. माझं मत विचाराल तर इंचबर्डच्या तहाने मुंबई जास्त वाचवली. शाळेत का शिकवत नाहीत ते मात्र शिक्षणखात्याला विचारा.

प्रश्न (पुणे): किल्ल्याच्या आत फक्त इंग्रज राहायचे ना? आणि मराठी लोक कुठे होते?

नाही हो, हा फार पसरलेला गैरसमज आहे. कोटाच्या आत (जुने मुंबईकर फोर्ट नाही म्हणायचे, कोट म्हणायचे, आणि बाहेरची वस्ती ती बाहेरकोट) दोन भाग होते. चर्चगेटपासून कॅसलपर्यंत जो रस्ता जायचा, आजचा वीर नरिमन रोड धरा, त्याच्या दक्षिणेला बहुतेक गोरे आणि उत्तरेला बहुतेक आपले. उत्तरेचा भाग म्हणजे बाजारगेट स्ट्रीट, बोरा बाजार, मोदी स्ट्रीट ही सगळी दाट वस्ती. कंपनीला व्यापारी हवे होते आणि त्यासाठी तिने पायघड्या घातल्या होत्या, ऑन्जियरने 1677 मध्ये दीवच्या नीमा पारेख या वाण्याला आणि त्याच्या माणसांना तुमच्या धर्मात कोणी ढवळाढवळ करणार नाही असं लेखी दिलं होतं. गोव्या-वसईकडे पोर्तुगीजांचा धर्माचा काच बघितलेल्या माणसाला या एका कागदाची किंमत किती असेल कल्पना करा.

पारशी तर किती! बनाजी लिमजी अग्यारी 1709 ची, माणेकजी सेठ अग्यारी 1733 ची, दोन्ही कोटाच्या आत आणि दोन्ही आजही चालू. 1736 मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आला आणि बंदराच्या काठाला त्याने आणि त्याच्या वंशाने जहाजं बांधायला घेतली. त्यांच्यातलं एचएमएस कॉर्नवॉलिस, 1813 चं, याच्यावर 1842 मध्ये चीन आणि ब्रिटन यांचा नानकिंगचा तह झाला ज्यात हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. एचएमएस ट्रिंकोमाली 1817 चं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. आर्मेनियन लोकांनी 1796 मध्ये आपलं चर्च बांधलं. 1822 मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबई समाचार काढला तोही इथेच, गुजरातीत, आणि अजून निघतो.

मराठी माणसं? कोटात कामाला होती, राहायला बरीचशी बाहेर. पाठारे प्रभू कचेऱ्यांत लिहिणारे म्हणून जायचे, भंडारी मिलिशियात, कोळी तर बेटाचे मूळ मालकच पण त्यांचे कोळीवाडे तटाच्या बाहेर. नाना शंकरशेटांचा वाडा गिरगावात. आणि खुद्द मुंबादेवी? तिचं जुनं देऊळ आजच्या सीएसएमटीच्या आसपास होतं, किल्ल्यासमोरची जागा मोकळी करायची म्हणून तिला तिथून हलवलं आणि देवी आज आहे तिथे, भुलेश्वरच्या बाजूला गेली. जिच्यावरून गावाला नाव मिळालं तिलाच बाहेरकोटात जायला लागलं. हे वाचून कोणाला राग आला तर येऊ दे, मलाही येतो.

रात्री दरवाजे बंद व्हायचे. बाहेर अडकलात तर अडकलात.

आतली गर्दी मात्र भयंकर झाली होती. लाकडी घरं, अरुंद गल्ल्या, आणि 17 फेब्रुवारी 1803 ला उत्तरेच्या बाजारात आग लागली ती भडकतच गेली. बाजाराचा मोठा भाग खाक झाला, आग कॅसलमधल्या दारूगोळ्यापर्यंत जाते की काय अशी वेळ आली. गव्हर्नर होता जोनाथन डंकन. आगीनंतर सरकारने आतले रस्ते रुंद केले आणि बऱ्याच लोकांना बाहेर जागा देऊन वसवलं, आणि भुलेश्वर-काळबादेवीकडची बाहेरकोटाची जी भरभराट झाली तिला या आगीचा मोठा हातभार आहे.

प्रश्न (बोरिवली): आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज, ही चार मैदानं एका ओळीत कशी काय आली? मुंबईत जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे एवढी मोकळी जमीन कोणी आणि का सोडली?

या अंकातला माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच. ही जमीन कोणी खेळायला सोडलेली नाही, ती तोफांसाठी सोडलेली आहे.

किल्ल्यावरच्या तोफेला समोर मोकळं मैदान लागतं. झाड नको, घर नको, शत्रूला लपायला काही नको. म्हणून खंदक खणायच्या सुमारासच तटासमोरची झाडं आणि घरं तोडायला सुरुवात झाली, माडांच्या बागा गेल्या, आणि ही मोकळी पट्टी टप्प्याटप्प्याने वाढत 1803 च्या आगीनंतर साधारण 800 यार्डांपर्यंत नेली. हिला म्हणायचे एस्प्लनेड, आपल्या लोकांत कँप मैदान, कारण इथे फौजेच्या राहुट्या पडायच्या. पक्कं बांधकाम करायला बंदी. उन्हाळ्यात गोरे साहेब कोटातल्या उकाड्याला कंटाळून इथे समुद्राच्या वाऱ्याला हलके तात्पुरते बंगले उभारायचे आणि पावसाळा आला की ते उतरवावे लागायचे. सगळंच काही हवा खाण्यातलं नव्हतं. 15 ऑक्टोबर 1857 ला याच मैदानात सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं.

ही पट्टी तेव्हा सलग होती. तट गेल्यावर तिच्यातून रस्ते काढले, मोठमोठ्या इमारतींना प्लॉट दिले, आणि उरले ते चार तुकडे म्हणजे तुमची चार मैदानं. नकाशा उघडा आणि चारी मैदानांना मिळून एक कंस काढा, तो कंस म्हणजे किल्ल्याच्या तोफांचा पल्ला! तट जाऊन, दरवाजे जाऊन, खंदक बुजून इतकी वर्षं झाली तरी किल्ल्याचा सगळ्यात मोठा शिल्लक भाग आपल्या डोळ्यांसमोर आहे, रोज हजारो पोरं त्यात क्रिकेट खेळतात आणि एकाही पाटीवर हे लिहिलेलं नाही. फोर्टात काही उरलं नाही म्हणणाऱ्यांनी एकदा ओव्हलला उभं राहून बघावं. जे उरलंय ते बांधलेलं नाही एवढंच.

आणि याच्यातच चर्चगेट स्टेशनचंही उत्तर आहे. दरवाजा हुतात्मा चौकाशी, त्याच्यापुढे पश्चिमेला हे मैदान, आणि मैदानाच्या पलीकडे समुद्राच्या बाजूने बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे आली. 1870 मध्ये तिथे स्टेशन झालं तेव्हा दरवाजा पाडून झालेला होता, पण रस्त्याचं नाव चर्चगेट स्ट्रीट होतं, ते स्टेशनला लागलं. ज्यांनी ज्यांनी लिहिलं की स्टेशनजवळ सेंट थॉमस सापडत नाही, त्यांनी स्टेशनातून निघून वीर नरिमन रोडने सरळ पूर्वेला चालत राहायचं, हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे उजव्या हाताला चर्च आहे.

प्रश्न (ठाणे): एवढा तट पाडला कोणी? त्या काळी कोणी विरोध केला नाही का? आज पाडला असता तर केवढा गहजब झाला असता.

सर बार्टल फ्रिअर, 1862 ते 1867 मुंबईचा गव्हर्नर. रॅम्पार्ट काढायची कमिटीच नेमली होती, आणि 1864 पर्यंत बराचसा तट उतरवून झाला. पण सगळं फ्रिअरच्या डोक्यातून आलं असं नाही. तट काढा ही मागणी बऱ्याच आधीपासून होती. पेशवाई 1818 मध्ये संपली, शत्रूच उरला नाही मग भिंत कोणासाठी. उलट भिंतीमुळे हवा कोंडायची, खंदकात पाणी साचून घाण, रोगराई, आणि दरवाजांच्या तोंडाशी गाड्या-घोड्यांची कोंडी. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, म्हणजे रेल्वे तटाच्या तोंडाशी येऊन थांबली, माल उतरतोय बाहेर आणि गोदामं, बँका, बंदर सगळं आत. 1864 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती 8,16,562 भरली. एवढ्या गावाला तीन दरवाजे कसे पुरणार?

आणि खरं कारण पैसा. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, सगळी गिऱ्हाइकी मुंबईच्या कापसावर, आणि मुंबईत अक्षरशः पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद शेअर बाजाराचा राजा झाला. अशा वेळी मधोमध एवढी मोठी जमीन नुसत्या भिंतीखाली आणि खंदकाखाली ठेवायची? तट काढला, जागा मोकळी झाली, प्लॉट विकले. 1865 मध्ये युद्ध थांबलं, कापसाचे भाव आपटले आणि 1 जुलै 1865 ला मुंबईतला फुगा फुटला, प्रेमचंदसकट सगळे बसले, पण तोवर तट गेलेला होता. याच प्रेमचंदच्या देणगीतून पुढे 1878 मध्ये राजाबाई टॉवर पुरा झाला.

मोकळ्या झालेल्या पट्टीत काय काय उभं राहिलं ते बघा, सेक्रेटरिएट 1874, युनिव्हर्सिटी, हायकोर्ट 1878, वॉटसन्स हॉटेल 1869 जिथे 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली, आणि जरा उत्तरेला व्हीटी 1888. चर्चगेट दरवाजाच्या जागी 1864 मध्ये फ्लोरा फाउंटन आलं, ते खरंतर भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी ठरलेलं होतं. कॅसलसमोरचं बॉम्बे ग्रीन म्हणजे कापसाच्या गठ्ठ्यांचा आणि धुळीचा माळ होता, त्याचं एल्फिन्स्टन सर्कल झालं, आजचं हॉर्निमन सर्कल, मागे चार्ल्स फोर्जेटची कल्पना, 1872 मध्ये पुरं झालं. मैदानाकाठच्या या गॉथिक इमारती आणि ओव्हलच्या पलीकडच्या आर्ट डेको इमारती मिळून 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. म्हणजे बघा, तट पाडला म्हणून हळहळायचं तर जे आपण वारसा म्हणून मिरवतो ते सगळं त्या तटाच्या पाडकामातूनच आलंय. एखादा दरवाजा तरी ठेवायला हवा होता असं मला वाटतं. पुण्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आहे, त्याच्याकडे बोट दाखवून पोराला काही सांगता येतं. इथे तीन होते, तिन्ही पाडले.

विरोधाचं म्हणाल तर कोटातल्या लोकांना भिंत गेल्याचं दुःख होण्याऐवजी हवा आली याचा आनंद जास्त असणार, असा आपला माझा अंदाज.

प्रश्न (मुलुंड): सुट्टीत मुलांना घेऊन बघायला जायचंय. थोडक्यात सांगा.

रविवारी सकाळी जा, फोर्ट रिकामा असतो. सेंट थॉमसपासून सुरू करा, त्याचा मान असा की मुंबईतली मैलांची अंतरं पूर्वी तिथून मोजायचे आणि तसे मैलाचे दगड काही ठिकाणी अजून आहेत. मग हॉर्निमन सर्कल, समोर 1833 चा टाउन हॉल. टाउन हॉलच्या मागच्या बाजूला नौदलाची हद्द आणि आत कॅसल, तिथे सहजासहजी जाता येत नाही, बाहेरूनच नमस्कार. परत उत्तरेला वळून बाजारगेट स्ट्रीटने जा, इथे कोटाचा जुना दाटपणा अजून कळतो, गल्ल्यांची रुंदी बघितली की 1803 ची आग कशी पसरली असेल ते आपोआप समजतं. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा. डी. एन. रोडवर आलात की फुटपाथवरच्या कमानी बघा, 1896 मध्ये रस्ता नव्याने आखला तेव्हा प्रत्येक इमारतीला खाली कमानी सोडायची सक्ती होती म्हणून उन्हापावसात तिथून चालता येतं. शेवटी ओव्हल. पोरं दमलेली असतील, पळू दे तिथे.

प्रश्न (अहमदनगर): मुंबईच्या किल्ल्याचं नाव सेंट जॉर्ज फोर्ट ना?

फोर्ट सेंट जॉर्ज मद्रासचा. मुंबईत कोटाच्या उत्तर टोकाला, जुन्या डोंगरी किल्ल्याच्या जागी, 1769 मध्ये एक जोडकिल्ला बांधला होता, त्याचं नाव फोर्ट जॉर्ज, तिसऱ्या जॉर्ज राजावरून. तोही 1860 च्या दशकात पाडला, पण पुरता पाडला नाही, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात त्याच्या तटाचा एक तुकडा राहिलाय. डोंबिवलीच्या वाचकांनीही हे वाचा, तुम्हाला जो दगड दिसत नाही तो सीएसएमटीच्या पूर्वेला, पी. डिमेलो रोडच्या बाजूला आहे, तुम्ही रोज उलट्या दिशेने बाहेर पडता. महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संचालनालयाचा पत्ताही तोच, सेंट जॉर्ज किल्ला.